सव्वा तासावरचं सासर

हिशेबात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं विमा कंपनीच्या कोठी भागातल्या ऑफिसात मी तीस वर्षं ऐकत आले. त्यामुळे पंचमीसाठी माधवीला पुण्याहून आणायला किती वेळ लागेल, हे मीच काढलं आणि नल्लकुंट्याच्या आमच्या घरात मीच जाहीर केलं. सव्वा तास.

म्हणजे आकडा कुलदीपनं काढून दिला होता. कुलदीप माझा मुलगा. त्याला मराठी पाटी वाचायची म्हटली की घाम फुटतो, पण फोनवर काय पाहिजे ते काढून देतो. "मम्मी, हे बघ. हैदराबाद एअरपोर्ट टू पुणे एअरपोर्ट, डिस्टन्स पाचशे किलोमीटर. फ्लाइट टाइम वन अवर फिफ्टीन."

"म्हणजे बेगम बाजारला जाऊन डाळ-गूळ आणण्यापेक्षा कमी," मी म्हणाले. "सकाळी जाते, तिला घेते, दुपारच्या विमानानं दोघी परत. आज्जीला सांग, चहाला घरी येतो."

माधवी माझी धाकटी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. गेल्या वैशाखात तिचं लग्न झालं, वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी. जामबागच्या एका शाळेत इतिहास शिकवता शिकवता आणि आईचं सगळं करता करता तिचं लग्नाचं वय निघून गेलं, असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं होतं. ते निघून गेलेलं नाही हे तिनं एका रविवारी शेंगा सोलताना सांगितलं, तेव्हा मी आधी तिच्यावर ओरडले आणि मग रडले. मिलिंदराव पुण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. त्यांचंही पहिलंच लग्न. घरात ते आणि त्यांची आई, बस. लग्न इथं हैदराबादेत झालं. नेमकं त्याच आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि आईचे गुडघे केव्हाच कामातून गेलेत, त्यामुळे माधवीबरोबर तिच्या सासरी पाठराखीण म्हणून कुणी जायचं हा प्रश्न आला आणि शेवटी कुलदीपला पाठवलं. दोन दिवसांनी परत येऊन साहेबांनी अहवाल दिला, "फ्लॅट मस्त आहे. लिफ्ट आहे. वायफाय तर एकदम फास्ट."

आईनं विचारलं, "आणि माणसं?"

"माणसं पण ओके आहेत, आज्जी."

या 'ओके'वर आई तीन महिने झुरत होती. वैशाख गेला, जेठ गेला, आखाड गेला. माधवीचा रोज संध्याकाळी फोन यायचा आणि रोज ती तेच सांगायची, "सगळं छान." शाळेत हजेरीला पोरं 'हजर' म्हणतात तसं. आई फोन ठेवायची आणि भिंतीकडं बघत बसायची.

आणि मग श्रावण लागला. आमच्या मराठवाड्याकडच्या घरांत पंचमीला लेक माहेरी आलीच पाहिजे, आणि ती आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचं माणूस जातं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी म्हणजे भाऊ, असा रिवाज. पण आम्हाला भाऊ नाही. मी परभणीला दिलेली (नोकरीपायी आम्ही दोघं हैदराबादेत आलो ते पुढं काही वर्षांनी), आमचे वडील बापू बेगम बाजारात एका किराणा पेढीवर मुनीम, आणि श्रावणाच्या तोंडावर त्यांचा शेठ सुट्टीचं नाव काढू द्यायचा नाही. म्हणून माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मुराळी म्हणून कोण आलं? अकरा वर्षांची माधवी. बापूंनी तिला काचीगुड्याला बायकांच्या डब्यात बसवून दिलं, परभणीला माझे हे, म्हणजे प्रतापराव, स्टेशनावर उभे राहिले, आणि ही बया दोन वेण्या घालून, हातात नारळाची पिशवी घेऊन दारात हजर. "मी ताईला न्यायला आले," एवढं म्हणाली आणि पाय धुवायला पुढं केले. सासरच्या बायका हसून हसून लोळल्या. पण रिवाज तो रिवाज. तिला पाट दिला, ताट वाढलं, जेवू घातलं. पुढं चुलत्यांच्या पोरींना आणायलाही तीच जायला लागली, नांदेडला, हिंगोलीला. आमच्या खानदानाचा मुराळी म्हणजे माधवी, हे ठरूनच गेलं.

मध्ये एकच वर्ष, माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या पंचमीला, बापू स्वतः आले होते. ती गंमत आम्ही घरात अजून सांगतो. शेठशी भांडून सुट्टी घेतली, रात्रभर गाडीत बसून आले. सासूबाईंनी चांगलं पुरणावरणाचं केलेलं. बापू ताटावर बसले आणि घास घेईनात. सासूबाई घाबरल्या. म्हणाल्या, "व्याहीबुवा, काही कमी आहे का?" बापू म्हणाले, "एक ताट कमी आहे." कुणाला काही कळेना. मग बापूंनी माझ्याकडं बोट दाखवलं. "माझी लेक बसली की मी जेवतो." त्या घरात सुना सगळ्यांच्या मागून जेवायच्या, उरेल त्यात भागवायच्या. मला तर त्यात काही वावगंही वाटत नव्हतं, सगळीकडं असंच असतं अशी माझी समजूत. सासूबाई बिचाऱ्या गोंधळून गेल्या, मला धरून बापूंच्या शेजारी बसवलं आणि त्या दिवसापासून त्या घरात मी सगळ्यांबरोबर जेवायला लागले. बापूंचा हट्ट, दुसरं काय. कुलदीपसुद्धा कधी जेवायला उशीर झाला की ओरडतो, "एक ताट कमी आहे!"

तर आता माधवीला आणायला मुराळी म्हणून जायचं कुणी? मी. दुसरं होतं कोण?

कुलदीपनं सकाळी जायचं आणि दुपारी एकला परत यायचं अशी तिकिटं काढली. पुण्याला साडेनऊला उतरायचं, एकला निघायचं. मध्ये साडेतीन तास. विमानतळ ते माधवीचं घर किती लांब, हे मी विचारलं नाही, कुलदीपनं सांगितलं नाही. खरं सांगायचं तर हा भाग आमच्या घराच्या हिशेबात कधी नव्हताच. नल्लकुंट्याहून काचीगुडा स्टेशन म्हणजे रिक्षात बसलं की उतरायचं. आणि परभणीला माझं सासर स्टेशनाच्या मागच्याच गल्लीत, इंजिनाची शिट्टी झाली की आमच्या कपबशा हलायच्या. दोन घरांतलं अंतर म्हणजे दोन स्टेशनांतलं अंतर, हे आमच्या अंगात इतकं भिनलंय की विमानालाही मी तेच माप लावलं.

माधवीला फोनवर बेत सांगितला तर ती एकदम म्हणाली, "ताई, तू घरी नक्को येऊ. कायकू एवढी दगदग? मीच विमानतळावर येते. तिथंच भेटू, तिथूनच निघू."

मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, साडेतीन तास नुसतं बसायचं. पण आईनं शेजारून ऐकलं होतं.

"इमानतळावरनं उचलून आणायला ती काय पार्सल आहे का?" आई म्हणाली.

"आई, तीच म्हणतेय."

"ती म्हणल. तिच्या घरी जा. आत बस, जेव, घर बघ, मग आण. उंबऱ्यातनं आण."

"वेळ नाही गं मध्ये."

आईनं माझ्याकडं नुसतं बघितलं. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण तिनं असं बघितलं की जणू मी अजून फ्रॉकातलीच. "घरी का येऊ नको म्हणते ती?" एवढंच विचारलं आणि जपमाळ घेऊन वळून बसली.

मला राग आला. राग यायचं कारण असं, की तोवर मला सुचला नव्हता तो प्रश्न, आणि आता डोक्यातून जाईना.

सकाळी साडेपाचला कॅब आली. ड्रायव्हर पुराना शहरचा, गप्पिष्ट. "कां जा रे अम्मा?"

"पुना."

"कित्ता टाइम लगता विमान में?"

"सव्वा घंटा," मी ऐटीत सांगितलं.

तो हसला. "शाम कू उत्ता टाइम तो शमशाबाद जानेकूच लगता, अम्मा."

शमशाबाद म्हणजे आमचा विमानतळ. मला त्याचं बोलणं काही आवडलं नाही. पण मेहदीपटणम, मग तो लांबच्या लांब पूल, मग आरामघर, मग अजून रस्ता, अजून रस्ता, आणि विमानतळाच्या आत गेल्यावर पुन्हा रांग, पुन्हा तपासणी, पुन्हा चालणं. माझ्या पर्समधला अडकित्ता काढून घेतला. मी त्या बाईशी भांडले, पण तिनं दिला नाही. विमानात बसले तोवर माझा जीव अर्धा झाला होता. विमान मात्र शब्दाचं पक्कं निघालं. वर गेलं, पाण्याची बाटली दिली, ती उघडून दोन घोट घेतले नाहीत तोवर खुर्ची सरळ करा म्हणाले. एवढ्यात पुणं. मी मनात म्हटलं, बघा, केला का नाही बरोबर हिशेब.

बाहेर येऊन फोन चालू केला तर माधवीचा फोन वाजतच होता.

"उतरलीस? मी निघालेय हां ताई. बॅग घेऊन निघालेय. तू तिथंच कॉफी पी, आराम कर."

"घरी सगळं ठीक ना?"

"हौ गं. सगळं छान."

मी तिथंच, बॅगांच्या गाड्यांच्या मधोमध थांबले. मागून एकानं गाडी आदळली तरी हलले नाही. कारण हे दोन शब्द मी ओळखत होते. परभणीला ती दोन वेण्यांतली माधवी मला विचारायची, "ताई, बरी आहेस ना?" आणि मी वाढता वाढता तिला हेच म्हणायचे. सगळं छान. याच आवाजात.

"माधवी, कुठपर्यंत आलीस?"

"सोसायटीच्या गेटातून आत्ता बाहेर पडतेय."

"गाडी फिरव."

"काय?"

"गाडी फिरव आणि घरी जा. मी येतेय."

"ताई, वेडी आहेस का? धायरीला आहे मी. दीड-दोन तास लागतील तुला. विमान चुकेल."

"चुकू दे," मी म्हणाले. आणि फोन ठेवला. माझा आवाज चढला की ती वाद घालत नाही, लहानपणापासूनचं आहे ते.

दीड-दोन तास हे ती वाढवून सांगतेय असं मला वाटलं होतं. वाढवून नव्हती सांगत. पुण्यातल्या पुण्यात एवढा रस्ता असतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खोटारडा म्हणाले असते. नदी आली, पूल आला, पुन्हा नदी आली. मी ड्रायव्हरला तीनदा विचारलं, "ही तीच नदी का?" हैदराबादहून पुण्याला आले त्याहून जास्त वेळ पुण्यातून पुण्याला जायला लागला. या सगळ्या वेळात माझ्या डोक्यात एकच होतं. काय बघावं लागणार आहे मला? घरी का येऊ नको म्हणाली? नवरा चिडका असेल का? सासू खाष्ट असेल का? लेक सत्तेचाळीस वर्षांची झाली म्हणून काय, तिला कुणी टाकून बोललेलं मला चालणार नव्हतं. मी मनात भांडणाची तयारी करत होते. पहिलं वाक्यसुद्धा ठरवलं होतं.

लिफ्टचं दार उघडलं आणि ते वाक्य जागच्या जागी राहिलं. समोर फ्लॅटच्या दारात एक ठेंगणी, गोरीपान म्हातारी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तिच्या मागं माधवी, हिरव्या काठाच्या साडीत. आणि शेजारच्या दोन दारांतून बायका डोकावत असलेल्या.

"आलात बाई एकदाच्या," म्हातारी म्हणाली. त्या त्रिवेणीबाई, माधवीच्या सासूबाई. "पाय पुढं करा."

"अहो इथं? लिफ्टपाशी?"

"मग कुठं? मुराळ्याचे पाय दारातच धुतात."

त्यांनी तांब्या ओतला. पाणी शेजाऱ्यांच्या चपलांच्या कपाटाखाली गेलं. शेजारीण म्हणाली, "असू द्या हो, असू द्या." त्रिवेणीबाई सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही आमच्या सूनबाईची बहीण. हैदराबादहून विमानानं आलीय न्यायला." मग माझा हात धरून आत नेता नेता सुरूच, "चार दिवस सांगतेय मी हिला, विमानतळावर कोण मुराळी भेटतो का? ऐकतच नाही. ताईला त्रास होईल, ताईला त्रास होईल. मी म्हटलं, अगं ताई येईल आणि कोरड्या तोंडानं जाईल, मला झोप लागेल का? सकाळी ही बॅग घेऊन निघाली तेव्हा मी बोललेसुद्धा नाही हिच्याशी. आणि पुरण तर मी पहाटेच शिजवलेलं. कुणाच्या डोक्यावर घालू?"

मी माधवीकडं बघितलं. ती खाली मान घालून हसत होती. कान लाल झाले होते तिचे.

खरं तर बारा वाजत आले होते. एकचं विमान आता काही मिळत नाही हे कळत होतं, तरी माझा हिशेबी स्वभाव जाईना. फ्रिजच्या वर घड्याळ होतं, माझी नजर तिथंच. मिलिंदराव स्वयंपाकघरातून पाण्याचे पेले घेऊन आले, नमस्कार केला आणि फारसं न बोलता बाजूला उभे राहिले. टेबलावर दोन ताटं शेजारी शेजारी मांडलेली. त्रिवेणीबाईंनी मला बसवलं, माधवीला माझ्या शेजारी बसवलं.

"तुम्हीही बसा," मी म्हणाले.

"मुराळ्याला वाढल्याशिवाय मी बसत नसते," त्या म्हणाल्या आणि वाढायला लागल्या. पुरणपोळी, तीवर तुपाची धार, कटाची आमटी, भजी, कुरडया, मठ्ठा. एक पोळी संपायच्या आत पुढची ताटात पडत होती. माधवी मजेत जेवत होती. "आई, मीठ द्या ना जरा," असं सासूला म्हणाली, आणि सासूनं दिलं. मी घड्याळ बघत, घाईघाईनं जेवत होते. एक वाजून गेला तेव्हा मिलिंदराव हळूच म्हणाले, "ताई, आता घड्याळाकडं बघू नका. कुलदीपचा फोन आला होता. त्यानं तिकिटं संध्याकाळच्या विमानाची करून टाकलीत." मग मी एक पोळी आणखी घेतली.

निघताना त्रिवेणीबाईंनी माधवीची ओटी भरली, माझीही भरली. दारात उंबऱ्याच्या आतून तिचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "दहा दिवसांनी मी मिलिंदला पाठवीन न्यायला. त्यालाही असंच जेवायला घाला." शेजारच्या बायका गॅलरीतून बघत होत्या. मी माधवीची बॅग उचलली. जड होती. तिनं घ्यायला हात पुढं केला तर मी झिडकारला. मुराळी मी होते.

गाडीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताई, राग आला का तुला?"

"कशाचा?"

"घरी येऊ नक्को म्हणाले त्याचा." ती ओटीतला नारळ नखानं खरवडत होती. "मला लाज वाटत होती गं. या वयात कोण मुराळी, कोण काय. सोसायटीतल्या बायका रोज विचारायच्या, तुम्हाला न्यायला कोण येणार? मी म्हणायचे, कोणी नाही, मीच जाईन, सव्वा तास तर लागतो. मी इतक्या जणींना आणायला गेले आहे ना. मला न्यायला कुणी येईल असं मनातच आलं नव्हतं कधी." आणि मग, "तू लिफ्टमधून बाहेर आलीस ना, तेव्हा मला एवढं बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की काय सांगू."

मी तिच्या हातातला नारळ काढून घेतला आणि माझ्या पिशवीत ठेवला. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

संध्याकाळचं विमानही शब्दाचं पक्कं. सव्वा तास. शमशाबादला उतरल्यावर मात्र आमचं शहर आमच्यावर रुसलेलं. आरामघरला गाडी मुंगीच्या चालीनं. सकाळचा ड्रायव्हर खरं बोलला होता, नल्लकुंट्याला पोहोचलो तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. पहाटे साडेपाचला निघालेली मी. या सगळ्यात विमानात गेला तो वेळ धरला तर अडीच तास.

आई दारात खुर्ची टाकून बसली होती. शेजारी भाकरतुकडा आणि पाण्याचा गडवा तयार. जी माधवी या दारात उभं राहून आम्हा सगळ्यांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची, ती आज उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आईनं खुर्चीतून उठून, कुलदीपच्या खांद्याचा आधार घेऊन, तिच्यावरून तुकडा ओवाळला. हात मात्र तिनं कुलदीपला धरू दिला नाही. मग तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिली.

"आत ये," म्हणाली.

माधवी सवयीनं थेट स्वयंपाकघराकडं वळली. "बस," आई म्हणाली. "आज तू पाव्हणी आहेस." माझ्या यांनी भात टाकून ठेवला होता, मी ताटं घ्यायला लागले. आणि आईनं मला हाक मारली.

"इंदू, इकडं ये. जेवलीस का तिच्या घरी?"

"हौ. पुरणपोळी, आमटी, भजी, कुरडया. पोट फुटेस्तोवर."

"आणि माधवी?"

"माधवी काय?"

"ती कधी जेवली?"

"माझ्याबरोबरच की. माझ्या शेजारीच होतं तिचं ताट."

"वाढत कोण होतं?"

"तिची सासू." मला अजून कळलं नव्हतं ती काय विचारतेय. "त्या बसल्याच नाहीत. आम्हा दोघींना वाढलं, मग त्या आणि मिलिंदराव बसले."

आईनं डोळे मिटले. जपमाळ मांडीवर ठेवली आणि एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं तिला काही होतंय. मग म्हणाली, "मग ठीक आहे. मग झालं."

मी तिथंच उभी राहिले. हातात रिकामी ताटं.

"तुला काय वाटलं, मी तुला कायला पाठिवलं?" आई म्हणाली. "फोनवर समदे छानच असतात. इमानतळावर तर आणखीच. मुराळी जातो तो ताटं मोजायला." तिनं माधवीकडं मान केली. "ही तुला आणायला गेली ना पहिल्या पंचमीला? येवढीशी होती. परत आली तर मी तिला हेच विचारलं. ही बोल्ली, ताईनं मला वाढलं, पण ताई उभीच होती. भांडी घासून झाल्यावर चुलीपाशी काहीतरी खाल्लं तिनं. तुझे बापू त्या रात्री जेवले नाहीत."

दुसऱ्या पंचमीला बापू रात्रभर गाडीत बसून आले होते. शेठशी भांडून.

"तुला माहीत होतं?" मी माधवीला विचारलं.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "आईनं विचारलं, ते मी सांगितलं. मला तर आठवतही नाही." पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं आणि मला ते पुसायचं नव्हतं. एवढी वर्षं ज्या हट्टाला आम्ही हसत होतो, तो हट्ट एका अकरा वर्षांच्या पोरीनं परभणीहून पिशवीत घालून आणला होता, आणि तिनं तो आणला म्हणून मी पुढची सगळी वर्षं बसून जेवले.

मी ताटं मांडली. आईचं, माधवीचं. भात वाढला, वरण वाढलं, वर तूप. वाढून झाल्यावर सवयीनं पळी हातात धरून तशीच उभी राहिले.

माधवीनं घास घेतला नाही. माझ्याकडं बघितलं आणि तिच्या शेजारची जागा हातानं थोपटली.

"ताई," ती म्हणाली, "एक ताट कमी आहे."